कौल हातात घेऊन मगच

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी पत्र आलं आणि बाकीची शाळा मागे सरली. समोर उभे राहिले ते जीवशास्त्राचे सर. मिरगाच्या पहिल्या सरीला प्रयोगशाळेचं छप्पर गळायचं, नेमकं सूक्ष्मदर्शकांच्या कपाटावर. सर बाकावर स्टूल ठेवून चढत, पण आधी नवं मंगळुरी कौल कुणाच्या तरी हातात तयार असे. "तडकलेल्या कौलातून थेंब पडतात, काढलेल्या कौलाच्या जागेतून धार लागते." तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या, डीएनएची दुरुस्ती याहून नेमक्या शब्दांत कुठे सांगितलेली नाही.

तंतुकणिकेचा डीएनए म्हणजे बेसच्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या, १६,५६९ जोड्यांचं गोल कडं. त्यावर ३७ जनुकं. त्यांतून १३ प्रथिनं बनतात आणि त्यांत दुरुस्तीचं विकर (एन्झाइम) एकही नाही. हे सगळे कारागीर केंद्रकातल्या जनुकांवरून घडतात आणि बाहेरून आत येतात. शेजारीच ऊर्जा बनवणारी श्वसनसाखळी चालू असते. तिच्यातून निसटलेल्या ऑक्सिजनच्या तिखट रूपांमुळे ग्वानिन या बेसचं ८-ऑक्सोग्वानिन होतं. नक्कल निघताना ते सायटोसिन सोडून अ‍ॅडेनिनशी जोडी जमवतं, आणि पुढच्या नकलेत ग्वानिनच्या जागी थायमिन बसतं.

ओजीजी-१ हे विकर तो बिघडलेला बेस उचलतं. एपीई-१ रिकाम्या जागी साखळीचा कणा कापतं. पॉलिमरेज गॅमा टोक साफ करून योग्य बेस भरतं, लायगेज-३ सांधा जोडतं. सायटोसिनचा युरॅसिल झाला असेल तर पहिलं काम यूएनजी-१ करतं. युरॅसिल काढणारं विकर थॉमस लिंडाल यांनी १९७४ मध्ये दाखवलं आणि २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता सरांची धार. एमपीजी नावाचं बेस उचलणारं विकर कर्करोगाच्या पेशींच्या तंतुकणिकांत मुद्दाम वाढवून पाहिलं गेलं. डीएनएला अल्किल गट चिकटवणारी औषधं दिल्यावर त्या पेशी जास्त मेल्या. उचलणारे हात वाढले, भरणारे आणि सांधणारे तेवढेच राहिले. बेस नसलेल्या जागा उघड्या पडल्या. म्हणून एकच विकर वाढवून तंतुकणिका सुदृढ होईल असं कुणी म्हणालं, तर पुढच्या तीन पायऱ्यांचं काय, हे आधी विचारावं.

पॉलिमरेज गॅमाच्या जनुकातच दोष असला तर मेंदू आणि यकृत बिघडवणारे अल्पर्ससारखे आजार होतात. अशा मुलाला फिट्स येतात म्हणून व्हाल्प्रोएट दिलं तर यकृत निकामी होऊ शकतं. हे प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर लिहिलेलं असावं.

८-ऑक्सोग्वानिनच्या मोजमापातही घात होतो. फेनॉल वापरून डीएनए काढताना ग्वानिनचं ऑक्सिडीकरण तिथेच होतं आणि आकडा फुगतो. फेनॉल टाळावं, बर्फावर काम करावं, द्रावणात लोह धरून ठेवणारं डेफेरॉक्सामिन घालावं. आधी कमी वेगाने केंद्रकं खाली बसवावीत, मग वरच्या द्रवातून तंतुकणिका. नाहीतर केंद्रकातली विकरं मिसळतात आणि श्रेय भलत्यालाच जातं.

प्रयोगशाळेवर आता स्लॅब आहे. पाणी एका ठिकाणी मुरतं आणि दुसरीकडे ठिबकतं. कुठलं कौल, हे विचारायची सोय राहिली नाही. विहिरीमागे जुन्या कौलांची रास अजून आहे. महोत्सवाच्या प्रदर्शनात त्यातलं एक, सरांच्या स्टुलाजवळ ठेवा.