एपकॉटमध्ये दोघांचा दिवस: आधी जेवणाच्या वेळा, मग बाकी सगळं

टेबलांचं बुकिंग मी नाशिकहूनच केलं, संक्रांतीच्या आसपास, दुपारच्या चहाच्या वेळेला. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधल्या रेस्टॉरंटची टेबलं ६० दिवस आधी खुली होतात, तिकडच्या पहाटे सहाच्या सुमारास. हिवाळ्यात तिकडचे सहा म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेचार. टॅम्पात राहणाऱ्या मुलाला त्यासाठी पहाटे उठवायची गरजच नव्हती. त्याच्या कार्डाचा नंबर घेतला, डिस्नेच्या अ‍ॅपवर खातं उघडलं आणि मार्चमधल्या एका मंगळवारची दोन टेबलं धरली: दुपारी बाराला ‘गार्डन ग्रिल’, संध्याकाळी सातला ‘व्हिया नापोली’. कार्ड लागतं, कारण अगदी शेवटच्या क्षणी रद्द केलं किंवा गेलोच नाही तर माणशी पैसे कापतात.

आमच्या लग्नाचा वाढदिवस त्याच आठवड्यात होता. मुलगा-सून म्हणाले, तुम्ही दोघंच जा, आम्ही सोडतो आणि रात्री न्यायला येतो. टॅम्पाहून गाडीने तासा-सव्वातासाचा रस्ता. डिस्नेची तिथे चार पार्क आहेत. आम्ही एपकॉट निवडलं ते दोन कारणांनी. एक म्हणजे तिथे एका तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत आणि प्रत्येकात खायला काहीतरी आहे. दुसरं म्हणजे तिथे शेती आहे. आमचे हे कृषी खात्यात होते. दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत, नंतर पॉलिहाऊसच्या योजनांत त्यांचं आयुष्य गेलं. पाळण्यांत बसायची हौस दोघांनाही नाही, पण हरितगृहातून बोट जाते हे वाचल्यावर त्यांनी दुसऱ्या पार्कचं नावसुद्धा घेतलं नाही.

बाकीचा दिवस मी त्या दोन जेवणांभोवती बांधला. साठी ओलांडलेल्या, शाकाहारी, गुडघे सांभाळणाऱ्या जोडप्याने असंच करावं असं माझं ठाम मत आहे. लोक आधी राइड्सची यादी करतात आणि मध्ये वेळ मिळेल तिथे खातात. मग दुपारी दोनला उन्हात रांगेत उभे राहतात आणि भुकेने एकमेकांवर चिडतात. जेवणाची वेळ पक्की असली की बसण्याची, सावलीची, एसीची वेळही पक्की होते.

घरच्या पुऱ्या आत नेता येतात का, हे सांगायलाच हवं, कारण मला नंतर सगळ्यांनी तेच विचारलं. हो, बाहेरचं खाणं नेता येतं. काचेची बरणी किंवा बाटली चालत नाही, दारू चालत नाही, गरम करावं लागेल असं काही चालत नाही. मी तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं गोड लोणचं प्लास्टिकच्या डबीत आणि खजूर नेले होते. तपासणीत पिशवी उघडून पाहिली आणि पुढे जाऊ दिलं. पाणी विकत घ्यायची गरज नाही. शीतपेयं मिळतात त्या कुठल्याही काउंटरवर ग्लासभर पाणी फुकट देतात, फक्त ‘नो आइस’ म्हणायचं, नाहीतर अर्धा ग्लास बर्फच येतो.

साडेआठला दाराशी होतो. आत शिरल्याशिरल्या तो प्रचंड पांढरा गोळा समोर येतो, स्पेसशिप अर्थ, १८० फूट उंचीचा. बरेच लोक तिथेच पहिल्या रांगेला लागतात. आम्ही त्याच्याखालून सरळ पुढे गेलो. आधी गेस्ट रिलेशन्सच्या खिडकीवर लग्नाच्या वाढदिवसाचे बिल्ले घेतले. ते फुकट मिळतात. लावताना हे जरा लाजले, पण दिवसभर झाडूवाल्यापासून बोट चालवणाऱ्यापर्यंत ज्याने त्याने ‘हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी’ म्हटलं आणि प्रत्येक वेळी यांचा चेहरा खुलला.

मार्चमध्ये तिथे फ्लॉवर अँड गार्डन फेस्टिव्हल चालू असतो, त्यामुळे वाटेत जिकडे तिकडे झाडाझुडपांना आकार देऊन केलेली डिस्नेची पात्रं. दर दहा पावलांवर यांचं थांबणं. सांगाडा कसा असेल, ठिबकची नळी कुठून आत गेली असेल, वेल कुठला असेल. मी घड्याळ दाखवून पुढे नेलं, कारण ‘सोरिन’ची रांग सकाळीच छोटी असते.

सोरिन म्हणजे खुर्च्यांची ओळच्या ओळ वर उचलून भल्यामोठ्या पडद्यासमोर लटकवतात आणि आपण जगावरून उडत चाललो आहोत असं वाटतं. ना गचके, ना पोटात गोळा. तेव्हाच्या फिल्ममध्ये ताजमहालही होता. त्यावरून जाताना गुलाबाचा वास सोडतात. यांनी माझा हात धरला होता तो खाली उतरेपर्यंत सोडला नाही.

त्याच इमारतीत, ‘द लँड’मध्ये, खालच्या मजल्यावर ‘लिव्हिंग विथ द लँड’ची बोट आहे. एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ ला उघडलं तेव्हापासून, वेगळ्या नावाने का होईना, ही सफर चालू आहे. आधी थोडे देखावे आणि मग बोट खऱ्याखुऱ्या हरितगृहांत शिरते. केळी, कोको, ड्रॅगन फ्रूट. मग माशांच्या टाक्या. मग दोरीवर छतापर्यंत चढवलेले टोमॅटो, काकड्या, वांगी. साच्यात वाढवल्यामुळे मिकीच्या डोक्याच्या आकाराचे झालेले भोपळे. बोट पंधराएक मिनिटांत संपली. हे उतरले आणि म्हणाले, “अगं, नीट बघूच दिलं नाही.”

मला ते ठाऊकच होतं. त्यासाठीच साडेदहाची ‘बिहाइंड द सीड्स’ची पायी फेरी आधीच घेऊन ठेवली होती. तिला वेगळे पैसे पडतात, साधारण तासाभराची असते, आणि बोटीतून जे लांबून दिसतं ते तिथे हाताच्या अंतरावर असतं. आमच्या गटाला फिरवणारी मुलगी वनस्पतिशास्त्र शिकलेली होती. तिने आधी मुलांसाठी सोपं सांगितलं आणि मग यांचे प्रश्न सुरू झाले. पाण्याचा पीएच किती ठेवता, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) किती, विद्राव्य खतं एकाच टाकीतून देता की वेगवेगळ्या. त्यांचं इंग्रजी तुटक, पण शेतीचे शब्द दोघांचे एकच. पाच मिनिटांत ती पोरगी यांच्याशीच बोलायला लागली.

माती जवळजवळ नाहीच. कुठे वाळू, कुठे पर्लाइट, कुठे उथळ पन्हाळीतून वाहणारं खताचं पाणी आणि त्यात मुळं. एका ठिकाणी तर रोपं हवेत लटकलेली, साखळीवरून गोल फिरत जातात आणि फवाऱ्याशी आली की उघड्या मुळांवर पाण्याचा फवारा बसतो. किडींसाठी मित्रकीटक सोडतात. नागअळीवर बारीकशा परोपजीवी गांधीलमाश्या, माव्यावर ढालकिडे. यांनी वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना हेच समजावलं, फवारणीआधी मित्रकीटक बघा म्हणून, आणि किती जणांनी ऐकलं ते त्यांनाच माहीत. इथे ते डोळ्यांसमोर चाललेलं होतं. शेवटी काकडीची चकती खायला दिली. हे बराच वेळ ती चघळत उभे राहिले. साऱ्या दिवसातला हा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नवरा ज्या कामात हयात घालवून आला ते काम पाहायला जगभरची माणसं तिकीट काढून येतात, हे त्याच्या शेजारी उभं राहून पाहायला मिळालं.

बाराला वरच्या मजल्यावर गार्डन ग्रिल. हे रेस्टॉरंट सावकाश गोल फिरतं आणि खाली त्याच बोटीच्या वाटेतले देखावे दिसतात. हरितगृहात पिकलेलं काही इथल्या स्वयंपाकघरात येतं. जेवण ठरावीक दरात, मोठ्या ताटांत टेबलावर येतं आणि हवं तेवढं पुन्हा वाढतात. बुकिंग करतानाच मी शाकाहारी लिहिलं होतं, बसल्यावर वाढणाऱ्या मुलाला पुन्हा सांगितलं. आमचं ताट वेगळं आलं.

इथे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या लोकांचे हाल इथेच होतात. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. भाज्यांच्या सुपात चिकनचं किंवा बीफचं पाणी असू शकतं, मेक्सिकन राजम्यात डुकराची चरबी असू शकते, गोड पदार्थांत जिलेटिन. म्हणून ‘नो मीट, नो फिश, नो स्टॉक, नो लार्ड, नो जिलेटिन’ एवढं दर वेळी म्हणायचं, संकोच करायचा नाही. मेनूत काही पदार्थांपुढे हिरव्या पानाची खूण असते. त्यात मांस, दूध, अंडं, मध यांतलं काहीच नसतं. आम्हाला केकमधलं अंडं आणि दूधदुभतं चालतं, त्यामुळे आमचं सोपं झालं. अंडंही न खाणाऱ्यांनी ती खूणच धरून चालावं. आणखी एक, मेनूतल्या किमतीवर कर लागतो आणि टेबलावर वाढणाऱ्याला अठरा-वीस टक्के टिप द्यायची रीत आहे. हिशेब करताना ते आधीच धरा, म्हणजे बिल आल्यावर जीव घाबरा होत नाही.

जेवून तळ्याकडे. वर्ल्ड शोकेसची, म्हणजे त्या अकरा दालनांची, पूर्ण चक्कर साधारण दोन किलोमीटरची. उत्साहात ती एका दमात चालू नये. मेक्सिकोच्या पिरॅमिडमध्ये शिरलो तर आत कायमची तिन्हीसांज, दिव्यांचा बाजार आणि शांत बोट. पंधरा मिनिटं डोळे निवले. नॉर्वेच्या बेकरीत ‘स्कूल ब्रेड’ घेतला, मध्ये कस्टर्ड आणि वर खोबऱ्याचा कीस असलेला गोड पाव. गल्ल्यावरच्या मुलीच्या बिल्ल्यावर तिच्या नॉर्वेतल्या गावाचं नाव होतं. प्रत्येक दालनात शक्यतो त्या त्या देशातली तरुण मुलं कामाला असतात. तिकडे हा पाव मुलांच्या शाळेच्या डब्यात असतो, म्हणून त्याचं हे नाव, असं तिने सांगितलं. बाहेर बाकावर बसून मी त्याच्यासोबत पुऱ्या काढल्या. खोबरं आणि तिखटमिठाची पुरी छान लागते एकत्र.

फेस्टिव्हलच्या टपऱ्यांवर छोट्या ताटल्या मिळतात, तीन-चार घासांच्या, साधारण पाच ते दहा डॉलरच्या. दोघांत एक घ्यायची, चव बघायची, पुढे जायचं. जोडीने जाण्याचा हा मोठा फायदा. एकट्याला जास्त होतं, कुटुंबाला पुरत नाही, दोघांना मात्र नेमकं होतं.

तीनच्या उन्हाला अमेरिकेच्या दालनात बसलो. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, यंत्राची हलती-बोलती माणसं देशाचा इतिहास सांगतात, खुर्च्या मऊ आणि एसी गार. त्याआधी घुमटाखाली वाद्यांशिवाय गाणारा गट असतो. ते सूर मला अख्ख्या कार्यक्रमापेक्षा आवडले. पुढे जपानमध्ये काकिगोरी, म्हणजे आपला बर्फाचा गोळाच, फक्त वाटीत आणि भुसभुशीत.

मोरोक्कोत मी रेंगाळले. हे दालन १९८४ मध्ये झालं. राजा हसन दुसरा यांनी त्यासाठी आपल्या देशातून कारागीर पाठवले होते. हाताने कापलेल्या टाइलच्या बारीक तुकड्यांची नक्षी भिंतीवर कंबरेच्याही वर जाते. मी हात फिरवून पाहिला, सांधा लागत नाही. इथे उभं असताना वाटलं, अकरा देशांत आपला एकही कोपरा नाही. पैठणीचा माग आणि तांब्या-पितळेची आळी असलेलं एक दालन इथे किती शोभलं असतं! ही खंत मला खरोखर वाटली आणि अजूनही वाटते.

तळ्यात ये-जा करणाऱ्या बोटी आहेत, तिकिटातच. मोरोक्कोच्या धक्क्यावरून बसून तळ्याच्या सुरुवातीच्या चौकात आलो, तिथून दुसऱ्या बोटीने जर्मनीच्या धक्क्यावर. फारसं न चालता तळं दोनदा पार. कॅनडा आणि इंग्लंड बोटीतूनच पाहिले, त्याची चुटपुट नाही. जर्मनीत गरम कॅरमेलच्या वासाचं दुकान आहे. सुनेसाठी पाकीट घेतलं.

सातला इटली. व्हिया नापोलीत लाकडावर पेटणाऱ्या तीन भट्ट्या आहेत, व्हेसुव्हियस, एटना आणि स्ट्रोम्बोली या ज्वालामुखींची नावं दिलेल्या. साधा मार्गेरिटा मागवला, सोबत सॅलड. दिवसभर थोडं थोडं खाल्लेलं असल्यामुळे लहान पिझ्झा दोघांना पुरला. कड फुगलेली, तळाला करपल्याचे ठिपके, टोमॅटो आंबटगोड. वाढणाऱ्याने बिल्ले पाहून मेणबत्ती लावलेलं छोटं गोड आणून ठेवलं.

नऊला तळ्यावर आतषबाजी. कठड्याजवळची जागा तासभर आधीच भरते. आम्ही मात्र आठपासून इटलीसमोरच्या बाकावर बसून होतो, लोक पुढे उभे राहिले तरी आभाळ सगळ्यांना सारखंच दिसतं. संपल्यावर सगळे एकदम दाराकडे लोटतात. तेव्हा उठायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं बसून राहिलो, उरलेल्या पुऱ्या संपवल्या आणि मग मोकळ्या रस्त्याने चालत बाहेर पडलो. मुलाला आधीच साडेनऊ नव्हे, दहा सांगून ठेवलं होतं. टॅम्पापर्यंत हे त्याला हवेत लटकलेल्या मुळांबद्दल सांगत होते आणि तो गाडी चालवताना मधूनमधून विचारत होता, “पण बाबा, लाइट गेली तर?”