पांढऱ्या रणाच्या अलीकडचं गवत

कच्छला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी धोरडोला तंबूत राहतात, पौर्णिमेला पांढऱ्या रणात फोटो काढतात आणि भुजहून घरी येतात. आम्हीही रण पाहिलं. ते सुंदर आहेच, पण उंटगाड्या, लाउडस्पीकर आणि सेल्फीच्या गर्दीत माझं मन रमलं नाही. भुज आणि काळा डुंगर यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते बन्नी भागातल्या होडको गावाजवळच्या एका कुंपणाबद्दल.

भुजहून खावड्याच्या रस्त्याला भिरंडियारा मागे पडलं (तिथला मावा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका) की दोन्ही बाजूंना हिरवी झाडी सुरू होते. बहीण म्हणाली, "वाळवंट वाळवंट म्हणतात, आणि केवढं हिरवं आहे गं!" ती सगळी वेडी बाभूळ होती. सोलापूरकडे ओढ्याकाठी माजते तीच. इथे तिला गांडो बावळ म्हणतात. बन्नी म्हणजे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं गवताळ रान. खारं रण पुढे सरकू नये म्हणून 1960च्या दशकाच्या सुरुवातीला वनखात्याने इथे ही बाभूळ लावली. आज निम्म्याहून अधिक बन्नी तिने गिळली आहे.

आम्ही एका मालधारी, म्हणजे गुरं पाळणाऱ्या, कुटुंबाकडे भुंग्यात (इथलं गोल घर) उतरलो. तंबूंपेक्षा शंभर पटीने बरं: मातीच्या जाड भिंती, बाजरीचा रोटला, ताक, आणि कशाचीच घाई नाही. बन्नीच्या म्हशी रात्रभर चरतात आणि पहाटे आपापल्या परत येतात. दुहेरी वळलेली शिंगं, अंगावर दव, आणि प्रत्येक म्हैस बरोबर आपल्याच दावणीला. ऊन वर आल्यावर घरचे चाचा म्हणाले, "चला बेटा, आमचं गवत दाखवतो."

कुंपणाच्या अलीकडे बाभळीची जाळी इतकी दाट होती की चार पावलांपुढचं दिसेना. खाली गवताची काडी नव्हती, नुसती भेगाळलेली जमीन. कुंपणापलीकडे मात्र गुडघाभर पिवळं गवत वाऱ्यावर डुलत होतं. माती तीच, पाऊसही तोच. मी दोन्हीकडे आळीपाळीने बघतच राहिले.

चाचांनी खाली पडलेली एक शेंग मोडून माझ्या हातावर ठेवली. गोड लागते. जनावरं ती चवीने खातात, बी पचत नाही, आणि शेणातून रानभर पेरली जाते. गाईंना या शेंगांचा जास्त त्रास होतो. कांकरेज गाई इथे कमी होत गेल्या, त्यामागे हेही एक कारण. बाभूळ वरून तोडली तर बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. मुळासकट काढावी लागते, आणि ती ताकद एकट्यादुकट्या घराची नाही. म्हणून गाव मिळून जागा ठरवतं, जेसीबी लावून बुंधे उपटतं आणि कुंपण घालतं. पावसाळ्यात आत जनावर सोडायचं नाही. गवत वाढू द्यायचं, बी झडू द्यायचं, मग कापणी. खरा कस लागतो तो त्यानंतर. दर पावसानंतर बाभळीची बारीक रोपं पुन्हा उगवतात, ती मूळ खोल जायच्या आत हाताने उपटायची. एक वर्ष हयगय केली की रान परत तिचं. चाचा बोलता बोलता वाकून एक वीतभर रोप ओढत होते. मूळ रोपाच्या दुप्पट लांब निघालं.

यामागे मोठी संघटित धडपड आहे. 2008 मध्ये मालधाऱ्यांनी आपलं पशुपालक संगठन उभं केलं. भुजच्या 'सहजीवन' संस्थेची साथ मिळाली. 2010 मध्ये बन्नी म्हशीला स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला ज्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, त्याच कायद्याखाली इथल्या गावांनीही दावे दाखल केले. बन्नीतली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2021 मध्ये दिला, तोही मालधाऱ्यांनीच दाद मागितल्यामुळे.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. याच बाभळीचा कोळसा पाडून इथली कितीतरी गरीब घरं चालतात. परतताना रस्त्याकडेला काळी पोती रचलेली दिसली. ज्याच्याकडे म्हशी नाहीत त्याला गवताचा काय उपयोग, असं मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, "म्हणूनच सगळी एकदम काढत नाही. कुठली काढायची, कुठली ठेवायची, ते गावात बसून ठरतं." मला हे पटलं. साठ वर्षांपूर्वी गावाला न विचारता लावली गेली. निदान काढताना तरी गावाचं ऐकलं जावं.

आमच्या टूरच्या छापील कार्यक्रमात होडकोपुढे फक्त 'हस्तकला खरेदी' असं लिहिलं होतं, याचा मला अजून राग येतो. तुम्ही जाल तेव्हा खरेदी जरूर करा, पण कुंपणापर्यंत नेता का, असंही विचारा. आनंदाने नेतात.