नाकामुराचा डावा पाय

जपानचा फुटबॉलपटू शुनसुके नाकामुरा २०२२ च्या अखेरीस, वयाच्या ४४ व्या वर्षी निवृत्त झाला; तरीही बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर खेळणारी मुले आजही मोबाईलवर त्याच्या फ्री किक पुन्हा पुन्हा पाहतात, याचा मला मनापासून आनंद होतो. त्यांच्यापैकी अनेकांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, २१ नोव्हेंबर २००६ रोजी, ग्लासगोच्या सेल्टिक पार्कवर त्याने मारलेला चेंडू मँचेस्टर युनायटेडच्या बचावपटूंच्या भिंतीवरून वळत वरच्या कोपऱ्यात शिरला, एडविन व्हॅन डर सारसारख्या गोलरक्षकाचाही हात पोहोचला नाही आणि त्या एकमेव गोलाच्या बळावर सेल्टिक या त्याच्या स्कॉटिश क्लबने चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेची बाद फेरी प्रथमच गाठली. (त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरही त्याने याच गोलरक्षकाला फ्री किकवर चकवले होते.)

नाकामुरा फार वेगवान नव्हता, धिप्पाडही नव्हता. त्याची ती फिरकी सरावातून आलेली होती, आणि म्हणूनच आमच्याकडच्या किरकोळ बांध्याच्या मुलांना तो आपला वाटत असावा. मात्र या मुलांनी त्याचे संपूर्ण सामनेही आवर्जून पाहावेत, कारण मोकळा सहकारी हेरून त्याने दिलेले पास काही सेकंदांच्या चित्रफितीत सहसा येत नाहीत.