वकिली, वारसा आणि वाफेचे इंजिन

कायदा, वास्तुजतन आणि जुन्या रेल्वेगाड्या या तिन्ही गोष्टींवर पोट कसे भरते, असे विचारणाऱ्यांना मी अमेरिकेतील कम्ब्रेस अँड टॉल्टेक या तीन फुटी रुळांच्या रेल्वेचा दाखला देतो. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी १९७० मध्ये तिचा ६४ मैलांचा मार्ग विकत घेतला खरा. परंतु हे रूळ राज्यसीमा पुनःपुन्हा ओलांडत असल्याने संयुक्त मालकीसाठी आंतरराज्य करार करावा लागला आणि त्याला १९७४ मध्ये अमेरिकी संसदेची संमती मिळाली. अशा मसुद्यांतली कलमे रुक्ष असतात, पण त्यांच्यावाचून इंजिनाला कोळसाही मिळत नाही.

खरी ओढाताण बॉयलरपाशी होते. संघीय नियमांनुसार १,४७२ सेवा-दिवस (म्हणजे विस्तव पेटवून बॉयलरमध्ये वाफ धरलेले दिवस) किंवा १५ वर्षे, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा त्याची सखोल तपासणी करावी लागते आणि झिजलेला पत्रा कितीही ऐतिहासिक असला तरी बदलावा लागतो. जतनवाल्यांना हे खुपते. मात्र डब्यांत प्रवासी बसणार असतील तर मी नियमाच्या बाजूने उभा राहतो.

इमारतींचा मामला निराळा. वारसा-वास्तू म्हणून संरक्षित असलेल्या न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा उभारू पाहणाऱ्या पेन सेंट्रल या रेल्वे कंपनीचा दावा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळला. त्या निकालात हस्तांतरणीय विकास हक्कांचाही, म्हणजे एका जागी न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरण्याच्या मुभेचाही, विचार झाला होता; मुंबईकर ते टीडीआर या नावाने ओळखतात.