कुलूप लावलेलं घर आणि भाच्याचे ६८ दिवस

तुमच्या घरातलं अठराच्या आतलं मूल गुन्ह्याच्या आरोपावरून बाल न्याय मंडळापुढे गेलं असेल तर आधी परिविक्षा अधिकाऱ्याला गाठा, म्हणजे मुलाच्या घरची चौकशी करून मंडळाला अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याला. वकील, पोलीस, ओळखीपाळखी सगळं त्यानंतर. मला हे उशिरा कळलं. तोवर माझा भाचा निरीक्षणगृहात होता, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, आणि ते दिवस आठवले की आजही माझं डोकं भणभणतं. त्याचं नाव, शाळा, गाव देत नाही. कायद्यानेही देता येत नाही आणि मला द्यायचंही नाही.

दोन गटांची मारामारी झाली, भाच्याच्या हातात लोखंडी सळई होती, समोरच्या मुलाचा हात मोडला. भाच्याची चूक आहे आणि ती मोठी आहे. वय साडेसोळा. पोलीस ठाण्यात कोणीतरी ताईला सांगितलं, "यात जन्मठेपेपर्यंत आहे." ताई तिथल्या तिथे भिंतीला टेकून खाली बसली.

कलमात जन्मठेप आहे, पण ती मोठ्यांसाठी. मुलाला मंडळ विशेष गृहात, म्हणजे कृत्य शाबित झालेल्या मुलांना ठेवतात त्या सुधारगृहात, पाठवू शकतं ते जास्तीत जास्त तीन वर्षं. सोळा ते अठरामधल्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हा प्रश्न येतो तो कायद्यात ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा सांगितलीय तिथेच. आमच्या कलमात किमान होतं एक वर्ष. म्हणजे गुन्हा 'गंभीर' या गटातला, त्या सात वर्षांच्या वरच्या गटातला नाही. बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने ही व्याख्या स्पष्ट केली आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकीलबाईंनी हे दहा मिनिटांत समजावलं, एक रुपया न घेता. कोणी "एवढ्या वर्षांची शिक्षा" म्हणालं की 'किमान किती' हे विचारा. कमाल आकडा ऐकून रात्र रात्र जागू नका.

मग तीन वर्षांच्या आत किती, आणि मुळात आत पाठवायचं की नाही, हे कशावरून ठरतं? कृत्य कसं होतं, मुलाला देखरेखीची किती गरज आहे, त्याची आधीची वागणूक, आणि सामाजिक तपासणी अहवालात त्याच्या घराबद्दल काय आलंय, एवढ्यावरून. समज देऊन सोडता येतं, समुदाय सेवा देता येते, पालकांच्या ताब्यात परिविक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर देखरेखीखाली, ठेवता येतं. विशेष गृह ही शेवटची पायरी.

आमची गाडी अडली ती या अहवालापाशी.

मुलाला मंडळासमोर पहिल्यांदा आणल्यापासून पंधरा दिवसांत हा अहवाल यायला हवा. सोळाव्या दिवशी आम्ही गेलो. साधी खोली, दंडाधिकारी मॅडम आणि दोन सामाजिक कार्यकर्ते एकाच टेबलाशी, भाचा समोर खुर्चीत. "अहवाल आलेला नाही." पुढची तारीख. त्या तारखेलाही तेच. मी परिविक्षा अधिकाऱ्याच्या कार्यालयात तीन फेऱ्या मारल्या. दोनदा साहेब बाहेर, तिसऱ्यांदा कारकून म्हणाला, "पाठवतील हो, घाई काय आहे?" घाई काय आहे! पोर आत होतं. बुधवारी भेटायला गेलो की विचारायचं, "मामा, कागद आला का?"

एकेचाळिसाव्या दिवशी कागद आला. मंडळाने मजकूर वाचून दाखवला. भेटीच्या वेळी घराला कुलूप. शेजाऱ्यांकडून समजते की आई दिवसभर कामावर असते, वडील हयात नाहीत. बालकावर देखरेख ठेवणारे कोणी नाही. संपलं.

परिविक्षा अधिकारी घरी आले होते मंगळवारी दुपारी साडेबाराला. ताई नऊ ते सहा कामावर असते, घर चालतं ते तिच्या पगारावर. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, निवृत्त आहे, भाचा रोज दुपारी माझ्याकडे जेवतो. हे कोणी विचारलंच नाही. त्या ओळींवर जामीन नाकारला गेला. सोडल्यास वाईट संगतीत जाण्याची शक्यता, असं कारण लिहिलं. लेखी कारण देणं मंडळाला बंधनकारक आहे आणि ते बरंच आहे, कारण आम्हाला नेमकं कशाला उत्तर द्यायचं ते कळलं.

वकीलबाईंनी फेरभेटीचा अर्ज केला. सोबत माझं शपथपत्र, निवृत्तीचा कागद, भाच्याचा दहावीचा निकाल, क्रीडाशिक्षकांचं पत्र. वयासाठी शाळेचा दाखला आधीच दिला होता. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी धरतात, ते नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्डावर विसंबू नका.

एकोणसाठाव्या दिवशी, रविवारी, अधिकारी पुन्हा आले. त्यांच्याकडे केसेस किती असतात ते त्या दिवशी त्यांच्या पिशवीतल्या फायलींवरून दिसलं, तरी माझा राग गेला नाही. चहा घेतला नाही. भाच्याची पलंगाखालची वह्यांची पेटी उघडून पाहिली. मग ताईला विचारलं, "चिडला की काय करतो?" इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. ताई म्हणाली, "दार आपटतो, गच्चीवर जाऊन बसतो, अंधार पडला की खाली येतो." त्यांनी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं.

अडुसष्टाव्या दिवशी जामीन झाला.

पुढची चौकशी सुरळीत पार पडली. कृत्य शाबित झालं. आदेश: एक वर्ष परिविक्षा, माझ्या आणि ताईच्या देखरेखीखाली, आणि समुपदेशन. विशेष गृहाचा एकही दिवस नाही. म्हणजे भाचा जेवढे दिवस आत राहिला ते सगळे आदेशाच्या आधीचे, आणि त्यातले पन्नासहून जास्त कागदाची वाट पाहण्यात गेले. हे मला पचत नाही.

ताईला नोकरीची धास्ती होती. या निकालामुळे पुढे अपात्रता येत नाही आणि ठरावीक काळानंतर नोंदी नष्ट केल्या जातात, हे वकीलबाईंनी तिला दोनदा सांगितलं तेव्हा ती शांत झाली.

एक राहिलं. पहिल्याच तारखेला मंडळासमोर लेखी द्या: घरी कोण, किती ते किती, नसेल तेव्हा कोणाला फोन करायचा. त्याची पोच घ्या. शेजाऱ्यांकडे किल्ली आणि नंबर ठेवा. आता आमच्या शेजारच्या काकूंकडे दोन्ही आहे.