साडेचार तास

रविवार, रात्री

गुडघे बोलायला लागलेत, पण आजचं आजच लिहून ठेवते.

अंतर ७ किलोमीटर, चढ ९०० मीटर. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशेब घालून दिला होता: ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. त्या हिशेबाने साडेसहाला निघालेल्या आम्ही साडेनऊला धारेवर असायला हव्या होतो. पोचलो अकराला. नेस्मिथने फुलं हिशेबात धरली नव्हती.

झाडी संपली आणि कुरण सुरू झालं, तिथेच मी अडकले. गवत अजून ओलं होतं. एका निळ्या फुलावर बंबलबी, म्हणजे मधमाशीची गुबगुबीत, केसाळ चुलतबहीण, चिकटून बसली होती, अगदी गप्प. मेली की काय म्हणून खाली वाकले, तर तिचं अंग बारीक थरथरत होतं. गार सकाळी ती पंख न हलवता उडण्याचे स्नायू नुसते थरथरवते आणि अंग ३० अंशांच्या आसपास तापलं की मगच उडते. मी वाट बघत बसले. चांगली पाच-सात मिनिटं.

“ताई, आपण धारेवर चाललोय ना?” धाकटी वरून ओरडली. तिला माथा दिसला की मधलं काही दिसत नाही. लहानपणापासून असंच.

पुढे फर्गेट-मी-नॉटचा ताटवा लागला. फुलाच्या मधोमध पिवळं कडं असतं आणि फूल जुनं झालं की ते फिकट, जवळजवळ पांढरं पडतं. पिवळं कडं म्हणजे मध आहे, पांढरं म्हणजे दुकान बंद. माश्या हे शिकतात म्हणे. मी एका तुऱ्यावर दोन्ही प्रकार मोजायला घेतले आणि तिथे आणखी वीस मिनिटं गेली. हे मात्र जरा जास्तच झालं, कबूल.

शेवटचा टप्पा घसाऱ्याचा. पाऊल टाकावं तर दगडांसकट अर्धं पाऊल मागे. वारा अंगावर आला तसं जॅकेट चढवलं. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे खालच्यापेक्षा इथे सहाएक अंश कमी. अशा ठिकाणी काय उगवणार, असं वाटत असतानाच कातळाच्या फटीत मॉस कॅम्पिअन दिसलं. हिरव्या उशीसारखं गच्च, वर गुलाबी फुलांचे ठिपके. जेमतेम तळहाताएवढं. अशा उशा फार हळू वाढतात, काही शंभराहून जास्त वर्षं जगतात. अलगद हात ठेवला तर बाहेरच्या वाऱ्यापेक्षा चक्क उबदार. वाऱ्याला आत शिरायला जागाच नाही! नशीब, पाऊल बाजूच्या दगडावर पडलं होतं.

धारेवरून पलीकडची दरी, तिच्यामागे एकामागे एक निळ्या होत गेलेल्या डोंगररांगा. सुंदरच. पण खरं सांगायचं तर मला तिथे हातांचं काय करावं ते कळेना. धाकटी मात्र पहिल्यांदाच गप्प बसली होती.

दहाच मिनिटं मिळाली. पश्चिमेला ढगांचे मनोरे चढायला लागले होते. उन्हाळ्यात दुपारी तापलेली हवा वर चढते आणि गडगडाट होतो. तेव्हा धारेवर उभं राहण्यासारखा मूर्खपणा नाही. निम्म्या उतारावर लखलखलं. आवाज यायला बारा सेकंद लागले, म्हणजे ४ किलोमीटर. धाकटी काही बोलली नाही, पण तिच्या चालण्याच्या वेगात सगळं होतं. माझ्या दीड तासाचा हिशेब ती मांडत असणार. या वेळी मी कुठेही वाकले नाही.

मघाशी मोज्यांतल्या कुसळांची अर्धी मूठ काढली. बूटही घासून ठेवायला हवेत, नाहीतर इथलं बी पुढच्या डोंगरावर जाऊन पडायचं.

तिने फोटो पाठवलेत, सगळ्यांत क्षितिज. माझे सगळे जमिनीपासून वीतभर उंचीवरचे. फर्गेट-मी-नॉटच्या एका फोटोत मागे तिचे बूट आलेत, वरच्या दिशेला वळलेले.