टोके सहा, वय दीड वर्ष

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात वन्यजीवशास्त्र शिकत असताना शिकारीच्या हंगामात मी तपासणी नाक्यावर काम करीत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच्या भारतात वाढलेल्या मला मारलेली हरणे तोलणे आरंभी विचित्र वाटले. पण कळपात कोणत्या वयाचे किती नर आहेत याचा अंदाज येण्याचा तो एक मार्ग होता. वजन झाले की आम्ही शिंगांची लांबी, बुंध्याचा घेर आणि दोन शिंगांमधील आतले अंतर नोंदवीत असू आणि फांद्या छाटण्याच्या लांब दांड्याच्या कात्रीने, दातांवरून वय ठरवण्यासाठी, खालचा जबडा काढून घेत असू.

राज्यात १९९५ पासून चार टोकांचा नियम होता. दोन्ही शिंगे मिळून किमान चार टोके असतील तरच नर मारता येई. कोवळे नर वाचावेत आणि कळपात पोक्त नरांची संख्या वाढावी, हा त्यामागील हेतू होता.

एका सकाळी एक वयस्क शेतकरी सहा टोकांचा देखणा नर घेऊन आले. तो निदान साडेतीन वर्षांचा असावा, असा त्यांचा अंदाज होता. जबडा उघडला तेव्हा दाढांच्या रांगेतील तिसरा दात तीन उंचवट्यांचा निघाला. हा दुधाचा दात साधारण दीड वर्षाच्या सुमारास पडतो आणि त्याच्या जागी दोन उंचवट्यांचा कायमचा दात येतो. म्हणजे नर जेमतेम दीड वर्षाचा होता. गृहस्थांनी चष्मा लावून तो दात स्वतः पाहिला आणि मग सांगितले की, त्याच मचाणावरून त्यांनी थोड्या वेळापूर्वी सरळ, बिनफाट्याच्या शिंगांचा एक सडपातळ नर कायद्याप्रमाणे सोडून दिला होता.

वर्णनावरून तोही बहुधा त्याच वयाचा असावा. मिसिसिपीत पाडसे मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये जन्मतात. त्यातही उशिरा जन्मलेल्याला पहिल्या शिंगांसाठी वेळ कमी मिळतो, शिवाय आईचे पोषण आणि जमिनीचा कसही आड येतो. दोघा समवयस्कांपैकी चांगल्या शिंगांचा मारला गेला आणि किरकोळ शिंगांचा वाचला. दुपारी नोंदवही चाळताना दिसले की, दीड वर्षाच्या नरांपैकी जे नाक्यावर आले ते सगळे त्यांच्या पिढीतील सरस नर होते. आणि दुसरे काही येणे शक्यही नव्हते, कारण कमी टोकांच्या नरांवर गोळी झाडण्याची परवानगीच नव्हती.

नियम अगदीच फोल होता असे मी म्हणणार नाही, कारण त्याने पुष्कळ कोवळे नर वाचवले. पण टोके मोजून वय ठरवता येते, हे त्यामागील गृहीतक चुकीचे होते. राज्यातील राखीव शिकारक्षेत्रांच्या नोंदींवर आधारित, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हीच शंका बळकट केली : अशा निवडीमुळे त्याच पिढीतील नर मोठे झाल्यावर त्यांच्या शिंगांचा सरासरी आकार घटू शकतो.

“मग मी पाहायचे तरी काय?” असे त्या गृहस्थांनी विचारले होते. कोवळ्या नराची मान बारीक, पोट आत ओढलेले आणि पाय धडाच्या मानाने लांब दिसतात, तर पोक्त नराची मान माजाच्या काळात फुगते, असे मी सांगितले. ते त्यांना पटले, पण झुडपांआडून क्षणभर दिसलेल्या नराचे पोट पाहायचे कसे, ही त्यांची अडचणही खरीच होती.

२००९ मध्ये राज्याने टोके मोजणे सोडले. डोंगराळ भागात शिंगांमध्ये आतून दहा इंच अंतर किंवा फाटे सोडून शिंगाच्या मुख्य दांड्याची तेरा इंच लांबी, असा निकष आला. मिसिसिपी नदीकाठच्या सुपीक, सखल डेल्टा भागात हेच आकडे बारा आणि पंधरा ठेवण्यात आले, कारण तेथे कोवळ्या नरालाही मोठी शिंगे येतात. हे अंतर शिकाऱ्याला ताठ कानांच्या टोकांशी ताडून पाहता येते.